कोवळं ऊन पुरत नाही तेव्हा

आमच्या वॉर्डाच्या दारात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच आहे. "सिस्टर, घरी सकाळच्या उन्हात धरलं तर नाही का उतरणार कावीळ?" विचारणारी बहुतेक वेळा आजी असते. सून आत स्टुलावर बसलेली, मुलगा औषधांच्या खिडकीशी, आणि आजी दाराच्या काचेला नाक लावून आत निळ्या उजेडाखाली उघडं पडलेलं आपलं नातवंड बघत असते. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त एवढंसं लंगोट. तिच्या जिवाची घालमेल होते. होणारच.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात, म्हणजे आम्ही सगळे ज्याला एसएनसीयू म्हणतो तिथे, इन्चार्ज सिस्टर आहे. दारातल्या आजीला द्यायला माझ्याकडे फार तर दोन मिनिटं असतात. तेवढ्यात मी सांगते, "आजी, उजेड हेच औषध आहे, तुमचं बरोबर आहे. पण औषधाला माप लागतं." त्या मान डोलावतात, पण त्यांचं समाधान झालेलं नसतं हे चेहऱ्यावर दिसतं. म्हणून आज सविस्तर लिहितेय. ज्यांच्या घरात बाळंतपण जवळ आलंय त्यांनी जरूर वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे नवजात बाळाची कावीळ आणि मोठ्या माणसाची कावीळ यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. गावात दूषित पाण्यानं जी कावीळ पसरते ती यकृताच्या विषाणूची. बाळाची तशी नसते. पण नाव एक असल्यामुळे घरात पथ्यपाणी सुरू होतं, आणि ते बाळंतिणीवर. तिचं वरण बंद, हळद बंद, तूप बंद, कारण काय तर पिवळं खाल्लं की दुधातून बाळाला जातं. असं काही होत नाही. उलट तिला पोटभर खाऊ घाला, कारण बाळाची कावीळ उतरण्यात तिच्या दुधाचा मोठा वाटा आहे. त्याबद्दल पुढे लिहितेच.

पोटात असताना बाळाला स्वतःचा श्वास नसतो, म्हणून त्याच्या रक्तात लाल पेशी भरपूर असतात. या पेशींचं आयुष्यही मोठ्यांच्या पेशींपेक्षा कमी असतं. जन्मल्यावर त्या भराभर मोडतात आणि त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. जन्माआधी ते वारेतून आईकडे जायचं आणि आईचं यकृत त्याचा निकाल लावायचं. नाळ कापली की ते काम बाळाच्या यकृतावर येतं, आणि ते यकृत अजून त्या कामाला पुरतं तयार झालेलं नसतं. बिलिरुबिन पाण्यात विरघळण्याजोगं करून पित्तात सोडायला एक विकर (एन्झाइम) लागतं, ते पहिल्या दिवसांत फार थोडं असतं. म्हणून पूर्ण दिवसांच्या दहातल्या सहा बाळांना आणि अपुऱ्या दिवसांच्या दहातल्या आठ बाळांना पहिल्या आठवड्यात कमी-जास्त पिवळेपणा येतोच. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत तो वाढतो, मग आपोआप उतरतो. बहुतेकांना काहीही करावं लागत नाही.

आणि खरी अडचण इथेच आहे. बहुतेकांची आपोआप उतरते, त्यामुळे ज्याने जे केलं त्याला त्याचं श्रेय मिळतं. कुणी माळ घातली, माळेने उतरली. कुणी उतरवून आणली, त्याने उतरली. कुणी उन्हात धरलं, उन्हाने उतरली. पण ज्या थोड्या बाळांची आपोआप उतरत नाही, त्यांचे दिवस या सगळ्यात निघून जातात. त्यांच्याकडे दिवस नसतात, तास असतात.

बिलिरुबिन फार वाढलं की ते मेंदूत शिरतं. हालचालींवर ताबा ठेवणारे मेंदूतले भाग आणि ऐकण्याच्या नसांची केंद्रं यांना त्याचं विष बाधतं. सुरुवातीला बाळ नुसतं सुस्तावतं, अंगावर ओढत नाही. घरचे म्हणतात, "बाळ किती शांत आहे, रडत नाही की काही नाही." मग किंचाळल्यासारखं बारीक आवाजात रडतं, पाठीची कमान करतं, मान मागे टाकतं. तिथपर्यंत गेलेलं बाळ वाचलं तरी पुढे हातापायांच्या वेड्यावाकड्या हालचाली आणि बहिरेपण त्याच्या वाट्याला येऊ शकतं. हे टाळता येतं, पूर्णपणे टाळता येतं. म्हणून मी या विषयावर इतकी हट्टी आहे.

आम्ही नुसता आकडा बघत नाही, आकडा आणि बाळाचं तासांतलं वय एकत्र बघतो. पूर्ण दिवसांच्या ठणठणीत बाळाचं बिलिरुबिन तिसऱ्या दिवशी १२ (म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात १२ मिलिग्रॅम) आलं तर सहसा आम्ही लक्ष ठेवतो, आईला दूध पाजायला सांगतो. तोच १२ जन्मानंतर अठराव्या तासाला आला तर आमची धावपळ सुरू होते. पहिल्या चोवीस तासांत दिसलेला पिवळेपणा हा कधीच नेहमीचा समजायचा नसतो. तिथे आई आणि बाळाचा रक्तगट जुळत नाही असा संशय पहिला. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह, किंवा आई ओ आणि बाळ ए किंवा बी. निगेटिव्ह आईला बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यायचं असतं, ते पुढच्या बाळासाठी. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, एकट्या तिला नाही.

आता उजेडाकडे येते. नर्सिंगच्या विद्यार्थिनी आमच्याकडे पोस्टिंगला येतात तेव्हा त्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण हा उपचार ज्या निरीक्षणातून सुरू झाला ते एका सिस्टरचं होतं.

इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफर्ड जनरल हॉस्पिटल होतं. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग ज्या सिस्टर सांभाळायच्या त्यांचं आडनावच वॉर्ड, सिस्टर वॉर्ड. मोकळी हवा आणि ऊन बाळांना चांगलं, असं त्यांचं ठाम मत होतं. हवा चांगली असली की त्या नाजूक बाळांनाही अंगणात घेऊन जायच्या आणि डॉक्टरांचा राउंड व्हायच्या आत परत आणून ठेवायच्या. १९५६ च्या उन्हाळ्यात एका राउंडला त्यांनी भीतभीतच डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. बाळाचं अंग फिकट पिवळं होतं, पण एके ठिकाणी गडद पिवळा, काठ अगदी रेखीव असलेला त्रिकोण. डॉक्टरांना वाटलं, सिस्टरने तिथे काहीतरी औषध चोपडलंय. त्यांनी तसं विचारलंही. सिस्टर म्हणाल्या की नाही, हे उन्हामुळे झालं असावं. डॉक्टर म्हणाले, उन्हाने कातडी रापायला दिवस लागतात. तेव्हा त्यांनी अडखळत सांगितलं की तो त्रिकोण रापलेला नाही, चादरीचं टोक जिथे आलं होतं तेवढी जागा झाकलेली राहिली. पिवळेपणा बाकीच्या अंगाचा कमी झालाय.

त्या दिवशी त्यावर पुढे काही झालं नाही. बाळ बरं होऊन घरी गेलं. काही आठवड्यांनी कावीळ झालेल्या एका बाळाच्या रक्ताची नळी प्रयोगशाळेत खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात राहून गेली. तपासलं तर बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा फारच कमी. ताजं रक्त घेऊन पाहिलं तर आकडा पुन्हा वर. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की चादरीचा त्रिकोण आणि कट्ट्यावरची नळी एकच गोष्ट सांगताहेत. त्याच हॉस्पिटलमधल्या क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स या तिघांनी प्रयोग केले, निळ्या ट्यूबलाइटचं यंत्र बनवलं आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला. अमेरिकेत त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. १९६८ मध्ये जेरोल्ड लुसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा कुठे तिकडे हा उपचार मान्य झाला.

निबंधावर नावं डॉक्टरांची आणि तंत्रज्ञांची आहेत. पण बाळाचं अंग रोज हाताळणारी, पुसणारी, चादर सरळ करणारी बाई नसती तर तो त्रिकोण कुणाला दिसला असता? मी विद्यार्थिनींना सांगते, तुम्हाला जे दिसलं ते राउंडला बोला. आवाज कापला तरी बोला.

त्या नळीचा धडा आजही आम्ही रोज पाळतो. बिलिरुबिनसाठी रक्त घेतलं की नळीला लगेच काळा कागद किंवा फॉइल गुंडाळायची. न गुंडाळता ती नळी तासभर उजेडात राहिली तर आकडा खोटा कमी येईल आणि बाळाचा उपचार चुकेल. रक्त घेताना बाळाच्या अंगावरचे दिवेसुद्धा बंद करायचे. नवीन मुलींना यात काय एवढं असं वाटतं, म्हणून मी कारणासकट सांगते.

उजेड नेमकं काय करतो? बिलिरुबिनचा रेणू घट्ट घडी घातलेल्या दुपट्यासारखा आतल्या आत दुमडलेला असतो. त्यामुळे तो पाण्यात विरघळत नाही, आणि विरघळत नाही म्हणून यकृताच्या मदतीशिवाय बाहेरही पडत नाही. निळा उजेड, साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, कातडीतून आत जातो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतलं बिलिरुबिन तो शोषून घेतं, रेणूची एक बाजू वळते आणि घडी उलगडते. उलगडलेलं बिलिरुबिन पाण्यात विरघळतं, पित्तातून आणि लघवीतून निघून जातं. यकृत तयार होईपर्यंत त्याचं काम उजेड करतो. बाळाला ना सुई, ना गोळी.

पुष्कळ शिकलेले लोकही विचारतात, "हे अल्ट्राव्हायोलेट ना?" नाही. अतिनील किरणांचे उपचार वेगळे आहेत. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी कार्बनच्या दिव्याचे किरण भिंगातून एकवटून त्वचेच्या क्षयावर वापरले आणि त्याबद्दल १९०३ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. आज कोडावर आणि सोरायसिसवर जो उजेड देतात तोही अतिनीलच, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा. आमचा निळा उजेड डोळ्यांना दिसणारा आहे. त्याने बाळ काळं पडत नाही. हा प्रश्न, खास करून मुलगी असेल तर, मला इतक्या वेळा विचारला जातो की त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. पोरीच्या मेंदूची काळजी करायची वेळ असते आणि रंगाची केली जाते.

आता माप कसं ते सांगते. सगळं यातच आहे.

उजेड कातडीवर पडायला हवा, आणि जास्तीत जास्त कातडीवर. म्हणून बाळ उघडं. लंगोट अगदी लहान, नॅपकिनची पट्टी दुमडून बांधलेलं. डोळ्यांवर पट्टी, पण ती नाकावर घसरायला नको, म्हणून दर वेळी बोट फिरवून बघायचं. दिवे मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतरावर, पट्टीने मोजून. बाळ कुडकुडू नये म्हणून कुणी प्रेमाने दिवा वर सरकवला किंवा वरून दुपटं टाकलं तर औषध पातळ झालं. आमच्याकडे एक छोटा मीटर आहे, तो बाळाच्या पोटाच्या उंचीवर धरला की किती उजेड पोचतोय ते दाखवतो. जोरदार उपचारासाठी त्यावर किमान ३० मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटीमीटर प्रति नॅनोमीटर यावा लागतो. जुन्या सीएफएलच्या युनिटमध्ये ट्यूब निळी पेटलेली दिसायची, डोळ्याला फरक कळायचा नाही आणि मीटर लावला की आकडा पंधरा! ट्यूबांचे तास भरले की त्यांची ताकद जाते, निळा रंग तसाच राहतो. एलईडी आल्यापासून हा त्रास पुष्कळ कमी झालाय. त्या टिकतात आणि तापतही नाहीत. तरीही मी दर आठवड्याला मीटर लावतेच. ज्या छोट्या दवाखान्यांत फोटोथेरपीचं, म्हणजे या उजेडाच्या उपचाराचं, यंत्र आहे पण मीटर नाही, तिथे बाळाला काय मात्रा मिळतेय हे कुणालाच माहीत नसतं. यंत्राएवढाच मीटरही गरजेचा आहे, असं मी प्रत्येक मीटिंगमध्ये बोलत आलेय.

लाइट लावली की बाळाची शी पातळ आणि हिरवट होते. आया घाबरतात, त्यांना वाटतं जुलाब लागले. तेच तर हवं असतं, बिलिरुबिन बाहेर पडतंय. तासातासाने ताप बघायचा, लघवी मोजायची, वजन करायचं. आणि दर दोन-अडीच तासांनी बाळ उचलून आईच्या छातीशी. त्या वेळी डोळ्यांवरची पट्टी काढायची, आईला बाळाचे डोळे दिसले पाहिजेत. काही आया दुधासाठी बाळ मागायलाही कचरतात, त्यांना वाटतं लाइट बंद केली तर बिघडेल. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते, मागा. अगदी वरच्या आकड्यांचं बाळ सोडलं तर पाजण्यापुरती लाइट सोडल्याने नुकसान होत नाही, आणि दूध मिळालं नाही तर नक्की होतं. आतड्यात आलेलं बिलिरुबिन शीवाटे गेलं नाही तर ते परत रक्तात शोषलं जातं. म्हणून पहिलं घट्ट पिवळं चीकदूध काढून टाकू नका, मध चाटवू नका, साखरपाणी नको, घुटी तर नकोच. पहिली काळी शी जितकी लवकर साफ होईल तितकं बरं, आणि ती दुधानेच होते.

आता आजीच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर.

उन्हात निळा उजेड असतो, भरपूर असतो. नसता तर सिस्टर वॉर्डना तो त्रिकोण दिसलाच नसता. पण घरी काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आजी बाळाला झबलं घालते, कुंची बांधते, दुपट्यात गुंडाळते आणि सकाळी दहा-पंधरा मिनिटं ओसरीवर धरते. उघडा काय राहतो? चेहरा. तेवढ्याशा कातडीवर तेवढ्याशा वेळात उतरून किती उतरणार? पूर्ण उघडं करून तास न् तास ठेवायचं म्हटलं तर आमच्याकडच्या मार्चपासूनच्या उन्हात बाळ तापेल, भाजेल, आणि डिसेंबरच्या सकाळी गारठेल. उन्हातले अतिनील किरण आणि उष्णता यांना चाळणी लावायला घरात काही नसतं.

अशी चाळणी लावून ऊन वापरता येतं का, हे नायजेरियात लागोसमध्ये तपासलं गेलं. जिथे वीज जाते, यंत्रं बंद पडतात, तिथे डॉक्टरांनी मंडपासारखी छतं उभारली आणि त्यांवर अशी फिल्म लावली की अपायकारक अतिनील किरण आणि बरीचशी उष्णता अडेल आणि निळा उजेड आत येईल. त्याखाली आया बाळांना घेऊन बसायच्या. २०१५ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात मध्यम काविळीच्या बाळांना त्या छताखालच्या उन्हाचा यंत्राइतकाच गुण आला. पण तिथे बाळांचं तापमान आणि उजेडाची ताकद सतत मोजली जात होती, रक्त तपासलं जात होतं, आणि गंभीर बाळं त्यात घेतलीच नव्हती. ऊनसुद्धा मापात आलं तेव्हाच औषध झालं.

आणि घरच्या उन्हाचा एक धोका कुणी बोलत नाही. ज्या कातडीला उजेड लागतो तिचा पिवळेपणा आधी फिका होतो, रक्तातला आकडा मागे राहतो. सिस्टर वॉर्डच्या बाळाच्या अंगावर हेच दिसलं होतं. रोज चेहऱ्याला ऊन दाखवलेलं बाळ चेहऱ्याने बरं दिसू लागतं. घरचे निश्चिंत होतात. चेहरा बघून कावीळ उतरली म्हणायचं नाही.

एक बाळ मला विसरता येत नाही. ओ गटाच्या आईचं पहिलं लेकरू, बाळाचा गट बी. दुसऱ्या दिवशी घरी गेलं होतं. पाचव्या दिवशी रात्री आमच्याकडे आणलं. आजी सांगत होती, "सिस्टर, मी रोज उन्हात धरलं हो. तोंड तर उजळ दिसत होतं." दुपटं सोडलं. पोट, मांड्या, पिंढऱ्या, तळपाय, सगळं हळदीचं. बाळ ओढत नव्हतं. आकडा तिशीच्या वर. दोन्ही बाजूंनी लाइट लावल्या आणि रक्त बदलायची तयारी केली. तीन किलोच्या बाळाला साधारण अर्धा लिटर रक्त लागतं, त्याच्या अंगातल्या रक्ताच्या दुप्पट. बेंबीच्या शिरेत नळी घालून थोडं काढायचं, तेवढंच घालायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा घालायचं. मी कागदावर प्रत्येक सिरिंजची नोंद करत होते. पहाटेपर्यंत चाललं. एवढं करून बाळाचं सुमारे ८५ टक्के रक्त बदललं जातं. बाळ वाचलं, ओढायला लागलं, घरी गेलं. पुढे कानांच्या तपासणीत कमी ऐकू येतं असं निघालं. आता त्याला मशीन लागलंय.

त्या आजींनी हयगय केली नव्हती. त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी जीव ओतून केलं. पाय उघडून बघायचे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगणं आमचं काम आहे, डिस्चार्जच्या वेळी, कागदावर सही घेण्याआधी.

म्हणून इथे सांगते. नवजात बाळाची कावीळ डोक्याकडून पायाकडे उतरत जाते. चेहरा पिवळा ही सुरुवात, तळहात-तळपाय पिवळे म्हणजे आता घरी एक क्षणही थांबायचं नाही. बघताना दिवसाच्या उजेडात, दाराशी बघा. पिवळ्या बल्बखाली किंवा पिवळ्या रंगवलेल्या खोलीत काही कळत नाही. बोटाने कातडी हलकेच दाबून सोडा, बोटाखालचा रंग बघा. सावळ्या बाळाच्या हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघा. दवाखान्यातून दुसऱ्याच दिवशी घरी आला असाल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ पुन्हा कुणाला तरी दाखवाच, कारण आकडा चढतो तो नेमका तेव्हा. आशाताई तिसऱ्या दिवशी घरी येतात, त्यांच्यापुढे बाळ उघडं करा, थंडी वाजेल म्हणून गुंडाळून ठेवू नका. आणि सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत, आणायला-न्यायला १०२ ची गाडीही आहे. पैशांसाठी उद्यावर ढकलू नका.

अजून एक, ट्रंकेतल्या कपड्यांबद्दल. मोठ्या भावंडाची टोपडी, दुपटी, बाळोती डांबराच्या गोळ्या टाकून जपून ठेवलेली असतात, आणि बाळ आलं की काढून तशीच वापरतात. काही बाळांच्या लाल पेशींत जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची कमतरता जन्मतः असते. डांबराच्या गोळ्यांच्या वासाने अशा बाळांच्या पेशी भराभर फुटतात आणि कावीळ एकाएकी चढते. कुठल्या बाळाला ही कमतरता आहे हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं, तेव्हा बाळाच्या कपड्यांत त्या गोळ्या टाकूच नका. टाकल्या असतील तर ते कपडे बाळाला वापरू नका.

आणि उजेडाच्या हातात जे नाही तेही सांगते. निळी लाइट ज्या बिलिरुबिनवर चालते ते यकृताने अजून न हाताळलेलं. काही थोड्या बाळांमध्ये यकृत त्याचं काम करतं, पण पित्त बाहेर न्यायची नळीच बंद असते. तिथे लाइटचा उपयोग नाही, ऊन तर नाहीच. अशा बाळाला ऑपरेशन लागतं, आणि ते साधारण दोन महिन्यांच्या आत झालं तर यश येण्याची शक्यता जास्त. ते बाळ सुरुवातीला छान पीत असतं, हसतं, कुणाला शंकाही येत नाही. ओळखायची खूण बाळोत्यात असते. शी पिठासारखी, चुन्यासारखी पांढरट, आणि लघवी गडद, बाळोत्याला डाग पाडणारी. दोन आठवडे उलटूनही डोळे पिवळे असतील आणि शीचा रंग असा असेल, तर ते बाळोतं धुवायला टाकू नका. तसंच पिशवीत घाला आणि बाळाबरोबर घेऊन या.